चौथ्या पुस्तकाचा राग

(सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, थोड्या काटछाटीसह)



ज्या ग्रंथपाल बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याशी माझं पहिलं भांडण समोरासमोर झालं नाही. ते सूचनावहीत झालं. देवघेवीच्या टेबलावर तेव्हा एक लांबट वही असायची, तिला दोऱ्याने बॉलपेन बांधलेलं. वहीतल्या तक्रारी ठरलेल्या: पंखा आवाज करतो, दिवाळी अंक महिना महिना परत येत नाहीत, रहस्यकथांची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेतं. मी बावीस वर्षांचा होतो आणि माझी तक्रार याहून भारदस्त आहे अशी माझी समजूत होती. मी लिहिलं की, अमुक दाखल क्रमांकाच्या जाड इंग्रजी पुस्तकात चार कादंबऱ्या एकत्र आहेत. पहिल्या तीन उत्कृष्ट आहेत. चौथीने त्या तिन्हींवर पाणी ओतलं आहे. तरी हे पुस्तक पुन्हा बाइंडरकडे जाईल तेव्हा चौथी कादंबरी काढून टाकावी. दोन दिवसांनी खाली लाल शाईत उत्तर आलं: 'नियमात बसत नाही.' आणि सही.

आज मी त्या नोंदीबद्दलच बोलणार आहे. विषयपत्रिकेवर 'कुमार वाचक आणि कादंबरीमालिका' असं भरदार नाव छापलं आहे, ते संयोजकांनी दिलेलं आहे. माझा प्रश्न छोटा आहे. आवडत्या मालिकेचं पुढचं पुस्तक वाचून वाचक चिडतो, तेव्हा तो नेमका कशावर चिडतो?

हा राग तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. हॅरी पॉटरचा पाचवा भाग २००३ साली आला, तेव्हा एका पुतणीने तो अर्ध्यावर आपटला होता. का, तर 'हॅरी सारखा ओरडतो'. हॅरी पंधरा वर्षांचा होता आणि पुतणीही. घरात ती स्वतः किती ओरडत होती हे तिच्या आईला विचारायला हवं. पण हा राग फार दिवस टिकत नाही. सहावा भाग आला की मिटतो. मला ज्या रागाबद्दल बोलायचं आहे तो वीस-वीस, तीस-तीस वर्षं टिकलेला आहे. त्या पुस्तकाचं नाव 'टेहानू'. लेखिका उर्सुला ले ग्विन. साल १९९०.

ज्यांनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ले ग्विन यांचा जन्म १९२९चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा क्रोबर यांनी ईशी या माणसावर लिहिलेलं पुस्तक १९६१ साली आलं. ईशी हा 'याही' नावाच्या जमातीतला शेवटचा माणूस, आणि स्वतःचं खरं नाव त्याने गोऱ्या लोकांना कधीच सांगितलं नाही. 'ईशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं 'माणूस'. ज्या घरात हे पुस्तक लिहिलं गेलं त्या घरातल्या मुलीने पुढे असं जग रचलं की, तिथे प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं, ते फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं असतं, आणि ज्याला ते कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

बर्कलीच्याच पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने त्यांना 'थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा' असं सुचवलं. ले ग्विन यांनी पुढे सांगितलं आहे की, गोष्टींतले जादूगार नेहमी म्हातारे आणि पांढऱ्या दाढीचे असतात, तर हे लोक तरुणपणी काय करत असतील, शिकले कुठे असतील, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली. अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचा समुद्र. त्यातल्या गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा गेड नावाचा पोर. तो रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो, फुशारकीपायी एक काळी सावली जगात सोडतो, आणि मग जगाच्या टोकापर्यंत आधी तिच्यापासून पळतो आणि नंतर तिच्या मागे लागतो. जादूगारांची निवासी शाळा हॉगवर्ट्सच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

दुसरी कादंबरी 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'. लहानपणीच घरातून उचलून नेलेली टेनार नावाची मुलगी, अनाम अंधारदेवतांची पुजारीण. भुयारात चोरून शिरलेल्या गेडला ती आधी कोंडते, मग सोडवते, आणि त्याला सोडवताना स्वतः सुटते. तिसरी 'द फार्देस्ट शोअर', १९७२. जगातली जादू कुठून तरी गळून चालली आहे. आता जादूगारांचा प्रमुख झालेला गेड एका तरुण राजपुत्राला बरोबर घेऊन मेलेल्यांच्या कोरड्या प्रदेशात उतरतो, ते भगदाड बुजवतो आणि त्यात आपली सगळी शक्ती खर्चून टाकतो. या पुस्तकाला अमेरिकेतला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, बालसाहित्याच्या विभागात. तीन पुस्तकं झाली, गोष्ट संपली. लोकांनी ती संपली असं मानलं, मुलांना वाचायला दिली. मुलं मोठी झाली.

आणि अठरा वर्षांनी चौथं पुस्तक आलं.

त्यात काय आहे? टेनार. मध्यमवयीन, विधवा. गाँटवर एका शेतकऱ्याशी लग्न करून, दोन मुलं वाढवून मोकळी झालेली. गावात तिला गोहा म्हणतात. तिच्या पदरी एक मुलगी आली आहे, थेरू. सहा-सात वर्षांची. तिच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार केले आणि तिला आगीत ढकललं. अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, एका हाताचा नुसता पंजा राहिलेला. मग ड्रॅगनच्या पाठीवरून गेड येतो, पण अर्धमेला. शक्ती संपली आहे. एक साधा दिवाही तो मंत्राने लावू शकत नाही. पुढची शेकडो पानं भरली आहेत शेळ्या, दूध, विहीर, चूल, रात्री लावायची कडी आणि त्या कडीबाहेर उभे असलेले पुरुष यांनी. लढाई म्हणाल तर एक आहे. घरात घुसायला आलेल्या गुंडांपैकी एकाला गेड गवत उपसायच्या काट्याने भोसकतो. जगाचा जादूगारप्रमुख. गवताच्या काट्याने.

मी ही चारही पुस्तकं एका आठवड्यात वाचली. इंग्लंडात पफिनने १९९३ साली 'द अर्थसी क्वार्टेट' नावाने चारही एकत्र बांधून काढली होती. गावातल्या कोणाच्या तरी परदेशी असलेल्या मुलाने आपली जुनी पुस्तकं वाचनालयाला देणगी दिली, त्या खोक्यात ती प्रत आली. तिसरं पुस्तक मी रात्री दोनला संपवलं. सकाळी चहाबरोबर चौथं उघडलं. अमेरिकेतल्या वाचकाने अठरा वर्षं वाट पाहिली होती, मी सहा तास.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि या पुस्तकावरच्या चर्चेत तो पुरेसा आलेला नाही. १९६८ साली जी मुलगी बारा वर्षांची होती, ती १९९० साली चौतीसची होती. टेनारचं वय तिला लांबचं नव्हतं. तिला राग आला तर तो असा की, माझं बालपण मी कपाटात नीट घडी घालून ठेवलं होतं, ते या बाईने परवानगी न घेता बाहेर काढून उसवलं. एका बांधणीत चारही पुस्तकं मिळालेल्या पोराचा राग निराळा. त्याला अजून बालपणाची आठवणच नाही, त्याला फक्त कालची रात्र आठवते. त्याची तक्रार साधी: काल ड्रॅगन होते, आज बकऱ्या. माझा राग या दोन्हींच्या मधला होता, म्हणजे पोराचा राग मोठ्यांच्या भाषेत. म्हणून तर सूचनावही.

आता तिकडच्या वाचकांचं काय म्हणणं होतं ते बघू. पुस्तकाला मान मिळाला नाही असं नाही. त्या वर्षीचा नेब्युला पुरस्कार त्याला मिळाला. पण ले ग्विन यांनी १९९२ साली ऑक्सफर्डला एक व्याख्यान दिलं, पुढे ते 'अर्थसी रीव्हिजन्ड' नावाने छापलं गेलं, आणि त्यात त्यांना या रागाची दखल घ्यावी लागली. आक्षेपांचा सूर साधारण असा: लेखिकेने अर्थसीशी दगा केला. गोष्टीत राजकारण घुसवलं. स्त्रीवादासाठी गेडचा बळी दिला, नायकाला मुद्दाम खाली आणलं. मुलांचं पुस्तक म्हणून विकत घेतलं आणि त्यात हे निघालं.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण आमच्या बाईंनाही तो सुटला नव्हता. हे पुस्तक ठेवायचं कुठे? आपल्या वाचनालयांत दोनच कपाटं असतात, बालविभाग आणि उरलेलं जग. चौदा वर्षांच्या मुलीला बालविभागातून बाहेर काढायचं तर थेट कोणत्या कपाटाशी उभं करायचं, हे आपण कधी ठरवलेलंच नाही. जळालेल्या थेरूची गोष्ट बालविभागात ठेवता येणार नाही, असं माझंही मत आहे. पण पहिली तीन तिथे आणि चौथी इथे असं केलं तर तिसरी संपवून आलेल्या मुलाला चौथी सापडणारच नाही. माझी बाइंडरवाली सूचना हीच होती, फक्त वेगळ्या कारणाने. बाईंनी ते जाड पुस्तक शेवटी मोठ्यांच्या कपाटात ठेवलं आणि बालविभागातल्या मुलांना मागितलं तर देत राहिल्या. नियमात हेही बसत नव्हतं.

गेडच्या आक्षेपावर मात्र मला रागावलेल्या वाचकांची, म्हणजे बावीस वर्षांच्या माझी, उलटतपासणी घ्यायची आहे. गेडची शक्ती चौथ्या पुस्तकाने काढून घेतली, ही तक्रार खोटी आहे. ती तिसऱ्यातच गेली. तिथे स्पष्ट लिहिलं आहे की त्याच्याकडे काही उरलं नाही. मग तिसरं वाचून कोणी का चिडलं नाही? कारण तिथे ती शक्ती जाते आणि पडदा पडतो. ड्रॅगनवर बसून तो निघून जातो, आणि लेखिका दोन दंतकथा सांगून हात झटकते. एक म्हणते, तो नव्या राजाच्या राज्याभिषेकाला आला आणि मग एकटाच नावेतून समुद्रात गेला. दुसरी, गाँटवरची, म्हणते की राजा त्याला शोधत आला, पण तो एकटा डोंगरातल्या रानात निघून गेला होता. दोन्ही सुंदर. दोन्हींत तो आपल्या नजरेआड भव्य राहतो. चौथ्या पुस्तकात आपण त्या डोंगरात त्याच्याबरोबर जातो आणि तो तिथे का गेला ते कळतं. राजाची माणसं बोलवायला आली आणि या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटली. तो पळाला. वर कुरणात जाऊन दुसऱ्याच्या शेळ्या राखू लागला.

सत्ता जाणं आम्हाला चालतं. सत्ता गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस उठतो, दात घासतो आणि त्याला काय करावं ते सुचत नाही, हे बघणं चालत नाही. निवृत्त झालेल्या माणसाचं घर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे जास्त सांगायला नको. (हशा)

दुसरा आक्षेप स्त्रीवादाचा. इथे मी चिडलेल्या वाचकांच्या बाजूने थोडं बोलणार आहे, कारण त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. गुळमुळीत कौतुक करणाऱ्यांनी लिहिलं की चौथं पुस्तक म्हणजे आधीच्या तिन्हींचा नैसर्गिक विकास. तसं ते नाही. ते आधीच्या तिन्हींशी भांडण आहे. रागावलेल्या वाचकाला ते ऐकू आलं, म्हणून तो रागावला.

भांडण कशावरून, ते पहिल्याच पुस्तकात शोधा. गाँटवरच्या लोकांत एक म्हण आहे, तिचा मतितार्थ असा की बायकांची जादू म्हणजे दुबळी आणि दुष्ट. गेडला पहिले मंत्र शिकवले त्याच्या मावशीने, गावातल्या चेटकिणीने, पण शाळेत गेल्यावर तिचं नाव कोणी काढत नाही. रोकच्या शाळेत फक्त मुलगे. तिसऱ्या पुस्तकात लक्षात राहील अशी बाई जवळपास नाही. आणि दुसऱ्या पुस्तकात अंधारातून बाहेर आलेली टेनार? तिच्या हातात तुटून जोडलेलं कडं घालून तिला राजधानीत आणलं, जयजयकार झाला, आणि त्यानंतर ती कुठे होती हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी नाही विचारलं. मला गेडचं पुढे काय झालं ते हवं होतं.

ले ग्विन स्त्री असून हे असं का लिहून बसल्या? त्याचं उत्तर त्यांनी ऑक्सफर्डला आडपडदा न ठेवता दिलं: वीरकथेची परंपरा पुरुषांची होती, तिच्या आत शिरून लिहायचं म्हणजे पुरुषाच्या डोळ्यांनी बघायचं, आणि आपण तेच केलं. चौथं पुस्तक त्यांनी आधीच लिहायला घेतलं होतं, पण ते अडलं.

ते सुटलं कसं याबद्दल माझा एक तर्क आहे. ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी १९६९ सालची. तीत अशी माणसं आहेत की जी ना पुरुष ना स्त्री, पण लेखिका सगळ्यांना 'तो' म्हणते. वाचकांनी यावर टीका केली. १९७६ साली एक निबंध लिहून त्यांनी स्वतःचा बचाव केला. मग वर्षं गेली, टीका मुरली आणि त्यांना पटलं की वाचक बरोबर होते. आता दुसरा कोणी लेखक असता तर त्याने जुना निबंध गुपचूप बदलला असता किंवा पुढच्या संग्रहातून वगळला असता. यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो निबंध जसाच्या तसा पुन्हा छापला आणि मध्ये मध्ये तिरक्या अक्षरांत स्वतःशीच वाद घातला: इथे मी चुकले, हे मी सबब म्हणून लिहिलं होतं. आणि 'टेहानू' आली ती १९९० साली. माझ्या मते 'टेहानू' हीसुद्धा अर्थसीच्या समासात तिरक्या अक्षरांत लिहिलेली टीप आहे. जुन्या मजकुराला हात न लावता, त्याच पानावर.

याच्या शेजारी टॉल्किन यांना उभं करा. 'द हॉबिट' १९३७ साली आलं. त्यात गॉलम अंगठी पैजेवर लावायला आनंदाने तयार असतो. पुढच्या मोठ्या कादंबरीत हीच अंगठी जगाचा घास घेणारी ठरली, तेव्हा जुना गॉलम जमेना. टॉल्किन यांनी १९५१च्या आवृत्तीत ते प्रकरणच बदललं, आणि पहिली हकीकत म्हणजे कथानायक बिल्बोने मारलेली थाप होती असा खुलासा केला. खुलासा झकास आहे. वाचक खूश झाले, कोणी दगाबिगा म्हटलं नाही. म्हणजे बघा, ज्याने जुनं पुस्तक खरोखर बदललं त्याच्यावर कोणी रागावलं नाही, आणि जिने एक शब्द बदलला नाही तिच्यावर जुनं पुस्तक नासवल्याचा आरोप.

आपल्याकडेही उत्तरकांड नको असलेले वाचक कमी नाहीत. राज्याभिषेकाला पोथी मिटावी, पुढचं नंतर कोणीतरी घुसडलेलं आहे, असं म्हणणारे आहेत आणि अभ्यासकांचा आधारही त्यांना आहे. पण जात्यावर बसलेल्या बायकांनी पोथी तिथे मिटली नाही. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लाखाहून जास्त ओव्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो, तिचं बाळंतपण येतं, रानात तिला कोणी सोबत केली ते येतं. ते पुढचं कांड बायकांनी ठेवून घेतलं, कारण त्यांची गोष्ट तिथे सुरू होत होती. आणि इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आठवा. त्याला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, अर्थसीचं पहिलं पुस्तक आलं तेच वर्ष. त्याही मानववंशशास्त्रज्ञ. महाभारतातल्या भीष्माला त्यांनी विचारलेले प्रश्न आमच्या घरातल्या आजोबांना सोसले नव्हते. त्यांनी पुस्तक परत केलं होतं, सूचनावहीत न लिहिता.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगतो, मग विसरेन. गेड गोरा नाही. तो तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, आणि त्याचा जिवलग मित्र काळा आहे. अर्थसीत गोरे लोक म्हणजे लुटारू. हे पहिल्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं गोरा गेड छापला गेला. २००४ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर मालिका निघाली तीतही गोराच, आणि ले ग्विन यांनी त्याचा जाहीर निषेध केला. मी हे सगळं वाचलं तेव्हा मला कळलं की माझ्याही डोक्यातला गेड गोरा होता. दख्खनच्या उन्हात काळवंडलेला मी, आणि माझा नायक गोरा. मुखपृष्ठ नव्हतंच आमच्या प्रतीला, ते बाइंडरने काढून टाकलं होतं. तेव्हा वाचक पुस्तकात काय वाचतो याबद्दल फार छातीठोकपणे बोलू नये.

मी 'टेहानू' पुन्हा वाचली ती सेहेचाळिसाव्या वर्षी. आईच्या आजारपणात चार महिने तिचं सगळं मी बघत होतो आणि दुपारी ती झोपली की हाताला येईल ते वाचत होतो. यावेळी मला ती कंटाळवाणी वाटली नाही. टेनारचा मुलगा स्पार्क समुद्रावरून घरी येतो, जेवतो आणि ताट तसंच ठेवून उठतो. उचल म्हटलं तर ते बायकांचं काम म्हणतो. आणि टेनारच्या मनात येतं की याला वाढवलं कोणी, आपणच. बाविसाव्या वर्षी मी हे पान वाचलं होतं. त्यात काही घडतं आहे हे मला दिसलं नव्हतं.

दुसरा प्रसंग तर मी चक्क विसरलो होतो. रोकच्या जादूगारांना नवा प्रमुख निवडायचा आहे. त्यांच्यातल्या एकाला दृष्टान्त झाला आहे की गाँटवर एक स्त्री आहे. म्हणजे काय असावं यावर थोरथोर डोकी खल करतात. कोणाची आई असेल, कोणाकडे वाट दाखवणारी असेल. त्यांच्यातला एक टेनारलाच हे विचारतो. ती गाँटवरची आहे, स्त्री आहे, समोर उभी आहे. पण जादूगारांची प्रमुख बाई असू शकते हे त्याच्या मनाला शिवत नाही. ती बोलायला जाते आणि तिच्या लक्षात येतं की याला ऐकूच येणार नाही. किती विनोदी पान आहे हे! पहिल्या वाचनात मीही त्या जादूगारासारखा कपाळाला आठ्या घालून विचार करत होतो की ही स्त्री कोण असेल बरं.

याचा अर्थ माझी तक्रार पूर्ण मागे घेतली असा नाही. या पुस्तकातला रे अल्बी गावचा दुष्ट जादूगार आस्पेन अगदी पुठ्ठ्याचा आहे. बायकांचा द्वेष करतो यापलीकडे त्याला दुसरं काही नाही. पहिल्या पुस्तकातली सावली गेडच्या आतून आलेली होती, म्हणून भीती वाटत होती. हा माणूस नुसता बाहेरून आणून उभा केला आहे. आणि शेवट घाईचा आहे. टेनार आणि गेड कड्यावर, मरणाच्या दारात, आणि थेरूने हाक मारताच ड्रॅगन येऊन सगळं निस्तरतो. थेरू ही ड्रॅगनचीच लेक, तिचं खरं नाव टेहानू, हे फार सुंदर आहे. पण पुस्तकभर ज्या पुरुषी दहशतीत आपण कडी लावून बसलो, ती दहशत एका फुंकरीत जळून जाते. गावोगावच्या टेनारना असा ड्रॅगन मिळत नाही, आणि हे पुस्तक इतका वेळ तेच सांगत होतं. ज्या वाचकांना शेवट फसवा वाटला त्यांच्याशी मी आजही सहमत आहे.

लेखिकेलाही तो पुरेसा वाटला नसावा. पुस्तकावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं उपशीर्षक होतं. पुढे त्यांनी कबूल केलं की ते लिहिणं हा मूर्खपणा होता. २००१ साली आणखी दोन पुस्तकं आली. त्यातल्या कथासंग्रहात कळतं की रोकची ती शाळा स्थापन करणाऱ्यांत बायका होत्या, आणि नंतर त्यांना बाहेर काढण्यात आलं. दुसऱ्या पुस्तकात, 'द अदर विंड'मध्ये, मेलेल्यांचा तो कोरडा प्रदेशच मोडला जातो, ज्यासाठी गेडने आपलं सर्वस्व दिलं होतं. म्हणजे पाया पुन्हा उकरला. यावेळी तेवढा गदारोळ झाला नाही. ज्यांना जायचं होतं ते वाचक 'टेहानू'लाच निघून गेले होते, उरलेल्यांना सवय झाली होती.

ले ग्विन २२ जानेवारी २०१८ रोजी, पोर्टलंडच्या त्यांच्या घरी वारल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी त्यांची शेवटची अर्थसी कथा प्रसिद्ध झाली. ती गेडच्या मरणाची आहे, आणि त्याच्या उशाशी टेनार आहे.

बाईंना मी कधी विचारलं नाही की त्यांनी स्वतः चौथं पुस्तक वाचलं होतं का. त्यांचं इंग्रजी वाचन बेताचं असावं असं मी धरून चाललो होतो. गेल्या आठवड्यात या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी ती प्रत पुन्हा मागवली. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर देवघेवीच्या तारखा आहेत. माझी तारीख आहे. त्यानंतर तीन आठवड्यांनी एक तारीख आहे, आणि सभासद क्रमांकाच्या जागी लाल शाईत फक्त 'कार्यालय' असं लिहिलेलं आहे. पुस्तक दोन महिने परत आलेलं नव्हतं. दंड आकारलेला दिसत नाही.

प्रत परवाच नवी बांधणी होऊन आली आहे. चारही कादंबऱ्या आत आहेत. सूचनावही बाहेर टेबलावर आहे, पेन तेवढं आपलं आणा.